'सायखेडा' लिहिलेला एक्स-रे

पडद्यावर एक काळाकुट्ट चौकोन होता आणि त्याच्या मधोमध ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सायखेडा'.

"हे काय आहे?" पाटणकर सरांनी विचारलं.

"युसुफचाचांची छाती," मी म्हटलं.

पाटणकर सर आमच्या सेंटरचे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि सीटी बघून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर. मी तिथली एक्स-रे टेक्निशियन. फोटो मी काढते, अर्थ ते लावतात. या कामात माझे केस पांढरे झाले, त्यामुळे सर मला ओरडत नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतात. तसे ते बघत राहिले. मी सांगितलं की ही चाचांची जुनी एक्स-रे फिल्म आहे, त्यांच्या मुलीनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून आणली आहे, आणि मुंबईच्या सर्जनना पाठवायचं ते चित्र हेच.

"हे पाठवू नका. आपल्याला वेड्यात काढतील," असं म्हणून सर त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हणजे काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. असलं काही विचित्र समोर आलं की मला चैन पडत नाही.

आधी चाचांबद्दल सांगते. युसुफचाचा पेंटर आहेत, पण भिंती रंगवणारे नव्हेत. शेतमालाच्या प्लास्टिकच्या क्रेटवर ते नावं टाकतात. टोमॅटो असो, द्राक्षं असोत की झेंडू, मार्केटला सगळे क्रेट दिसायला एकसारखे. नाव नसेल तर कुणाचा क्रेट कुणाच्या टेम्पोत जाईल याचा नेम नाही. मग शेतकरी चाचांकडे येतात. हातानं एकेक अक्षर काढत बसलं तर जन्म जाईल, म्हणून चाचा साचा करतात. पातळ पण चिवट अशा शीटमध्ये अक्षरं कापायची, तो क्रेटवर दाबून धरायचा आणि वरून ब्रश फिरवायचा. आणि साच्याला सगळ्यात उत्तम माल कोणता, तर जुनी एक्स-रे फिल्म. फाटत नाही, रंग पीत नाही, थिनरनं पुसली की पुन्हा कामाला तयार. चाचांच्या टपरीत अशा साच्यांची चळतच आहे. कुणाच्या गुडघ्यातून 'सटाणा' कापलेलं, कुणाच्या मनगटातून 'गणेश नर्सरी'. मी पहिल्यांदा ती चळत पाहिली तेव्हा अर्धा तास तिथेच उकिडवी बसले होते.

आता अडचण काय होती ते. चाचांना खोकला झाला, आमच्याकडे एक्स-रे झाला, त्यात डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक गोल डाग दिसला. सीटी केला. सीटीनं सांगितलं की गाठ आहे, लहान आहे. पण ती कधीपासून आहे हे सीटीला विचारून उपयोग नाही. आणि सगळं अडलं होतं ते तिथेच. अशी गाठ वर्षानुवर्षं आहे तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा ती जुन्या एखाद्या आजाराचा वण असते. लक्ष ठेवायचं आणि सोडून द्यायचं. पण पूर्वी नव्हती आणि आता आली असेल, तर कॅन्सरचा संशय घ्यावा लागतो आणि मग थांबून चालत नाही.

मुंबईचे सर्जन ऑपरेशनला कचरत होते, कारण थिनरचा वास आणि बिड्या यांनी चाचांचा श्वास आधीच अर्धा केला होता. गाठ अशा जागी होती की सुई घालून तुकडा काढायलाही ते राजी नव्हते. त्यांनी सरांना फोनवर स्वच्छ सांगितलं: जुना एक्स-रे मिळाला तर पाठवा. डाग तेव्हाही असेल तर मी हात लावत नाही. नसेल तर पेशंटला लगेच घेऊन या. मात्र रिपोर्ट नको, मला चित्र बघायचंय. आणि फिल्म पाठवू नका, आमच्याकडे आता फिल्म बघायची सोयच नाही, सगळं कॉम्प्युटरवर.

चाचांची मुलगी रुबीना शिवणकाम करते. आई गेल्यापासून वडिलांचं सगळं तीच बघते. तिला ऑपरेशन नको होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. अब्बा टेबलावरून उठणार नाहीत, हे तिच्या मनानं घेतलं होतं. डाग जुना निघावा म्हणून तिनं नवसही बोलला असेल, मी विचारलं नाही.

जुना एक्स-रे होता. काही वर्षांपूर्वी चाचांना न्यूमोनिया झाला होता, तेव्हाचा. बरे झाल्यावर चाचींनी ती फिल्म घरात ठेवू दिली नाही. आजार गेला, आता त्याची तसबीर कशाला घरात, असं त्यांचं म्हणणं. हे मी पुष्कळ घरांत ऐकलेलं आहे. डॉक्टर कानीकपाळी ओरडतात की जुने एक्स-रे जपून ठेवा, आणि लोक बरे झाले की पहिली ती ब्याद घराबाहेर काढतात. चाचांनी फिल्म टपरीत नेली आणि चांगला माल वाया कशाला घालवायचा म्हणून तिच्यात 'सायखेडा' कापलं. त्या गावाचे क्रेट त्यांच्याकडे सतत येतात, त्यामुळे हा साचा त्यांच्या हातात रोजचा.

मी चाचांना आणि रुबीनाला मूळ फिल्म घेऊन सेंटरवर बोलावलं. पहिला प्रश्न, ही छाती चाचांचीच कशावरून? नाव असलेला कोपरा कापून गेला होता. चाचा म्हणाले, "माझीच हाय मॅडम, मी माझ्या हातानं कापली." पण छातीच्या फिल्म चळतीत आणखी होत्या. मग मी हाडं जुळवली. तरुणपणी चाचा शिडीवरून पडले होते, त्यांचं उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडून वाकडं जुळलंय. नव्या एक्स-रेत जसा बाक, तसाच साच्यात. माणूस खोटं बोलेल, हाड नाही बोलत. शिवाय एक गंमत कळली. हृदय डावीकडे झुकलेलं असतं, त्यावरून छाती सुलट धरली की 'सायखेडा' उलटं दिसायचं. म्हणजे चाचा इतकी वर्षं स्वतःची छाती पालथी धरून रंग मारत होते.

कापलेली अक्षरं फिल्मच्या मधल्या पट्ट्यात होती. फुप्फुसांचा वरचा भाग शाबूत होता. देव पावला म्हणायचं.

आता चित्र. झेरॉक्सच्या स्कॅनरनं काळा चौकोन का दिला, ते सोपं आहे. स्कॅनर कागदावर समोरून उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड टिपतो. एक्स-रे फिल्म असते काळी. तिच्यावरून परत काय येणार, डोंबल? तिला उजेड पाठीमागून लागतो. म्हणून तर आपले लोक एक्स-रे खिडकीकडे धरून बघतात. पूर्वी आमच्याकडे भिंतीवर व्ह्यू बॉक्स होता, म्हणजे पांढऱ्या काचेमागे ट्यूबलाइट असलेली पेटी. सेंटर डिजिटल झालं तेव्हा ती भंगारात गेली. फिल्म स्कॅन करायची खास मशिनं असतात, पण मी चार ठिकाणी फोन केले आणि चारही ठिकाणी मला उलटा प्रश्न आला, फिल्म अजून कोण वापरतं?

मग सेंटरवरच, घरगुती उपाय. आधी थिनर आणि कापसाचे बोळे घेऊन चाचांनी वाळलेला रंग पुसला. पाणी लावू नका, असं मी बजावलं, कारण पाण्यानं फिल्मवरचा थर फुगतो आणि नखानंही निघून येतो. थिनर त्याला काही करत नाही. फिल्म स्वच्छ झाली. खिडकीच्या काचेला चिकटवून मोबाइलनं फोटो काढला, तर फुप्फुसाच्या आरपार समोरच्या बिल्डिंगची ग्रिल दिसायला लागली.

मग कॉम्प्युटरचा मोठा मॉनिटर आडवा निजवला, त्यावर पूर्ण पांढरं पान उघडलं आणि वर फिल्म ठेवली. उजेड छान आला, पण फोटोत सगळीकडे बारीक जाळी. स्क्रीनचे ठिपके कॅमेऱ्याला दिसत होते. फिल्म स्क्रीनपासून उचलायला हवी होती. चार कोपऱ्यांना सोनोग्राफीच्या जेलच्या बाटल्या ठेवल्या, त्यावर एका जुन्या फोटोफ्रेमची काच, काचेवर बटर पेपर आणि मग फिल्म. जाळी गेली. सर दारातून डोकावले आणि परत गेले.

पुढचं लफडं अक्षरांचं. त्या भोकांतून उजेड असा भसकन यायचा की मोबाइल बावचळायचा. त्याला वाटायचं फार उजेड आहे, मग तो सगळं अंधारं करून टाकायचा आणि फुप्फुसं पुन्हा काळी. भोकं झाकायला हवी होती. फिल्मच्या जुन्या पाकिटांतला जाड काळा कागद मी जपून ठेवलेला होता. चाचांनी त्याचा पट्टा कापला आणि 'सायखेडा' झाकून टाकलं. फिल्मच्या कडेनंही काळा कागद लावला.

मोबाइल हातात धरला की हलतो. म्हणून सलाईनचा स्टँड आणला आणि मोबाइल त्याला उलटा बांधला. खोलीतले दिवे बंद केले. फोटोत मधोमध एक पांढरट भूत आलं, ते म्हणजे माझा कोट. कोट काढून ठेवला. मोबाइलची हुशारीही बंद करावी लागते. लग्नाच्या फोटोत चेहरे गुळगुळीत करायची त्याला सवय, तो फुप्फुसातल्या बारीक रेषाही गुळगुळीत करून टाकतो. ते सगळं बंद करून, कमी-जास्त उजेडात पाच-सहा फोटो घेतले. शेजारी पट्टी ठेवली, म्हणजे डाग किती मोठा ते मोजता येईल. आणि एक लक्षात ठेवा, असा फोटो मोबाइलवरून फोटो म्हणून पाठवायचा नसतो, तो वाटेत आटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा.

सगळ्यात चांगला फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला. बरगड्या मोजता येत होत्या. आणि डाव्या फुप्फुसात वर, जिथे हवा होता तिथे, गोल पांढुरका डाग होता. कडा मऊ, आकार नव्या डागाएवढाच.

रुबीना खुर्चीत बसली आणि ओढणीत तोंड घालून रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू. सरांना बोलावलं. त्यांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून बराच वेळ पाहिलं. जागा तीच वाटते, म्हणाले, पाठवून द्या, मी सर्जनना फोन करतो. त्यांचाही आवाज हलका झाला होता.

चाचांनी फिल्म उचलली, काळा पट्टा सोडवला आणि साचा पिशवीत घालायला लागले. तेव्हा मी सहज विचारलं की चाचा, एवढा मोठा साचा एका हातानं धरता कसा, हलत नाही? सेंड करायचं बाकी होतं, पण म्हटलं ना, चैन पडत नाही. चाचांना बरं वाटलं. त्यांनी आमचा जेलच्या बाटल्यांचा खोका ओढला, साचा त्यावर ठेवला आणि डाव्या हाताचा अंगठा पहिल्या अक्षराच्या डोक्यावर दाबला. म्हणाले, इथंच दाबायचं, नायतर रंग खालून शिरतो न् अक्षर फुटतं.

मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले. अक्षरं सुलट, म्हणजे छाती पालथी. पालथ्या छातीत डावं फुप्फुस डाव्या हाताला. पहिल्या अक्षराच्या वर.

"चाचा, अंगठा उचला," मी म्हटलं.

मोबाइलचा टॉर्च लावला आणि फिल्म तिरपी धरून उजेड कडेनं टाकला. एक्स-रे फिल्मचा पृष्ठभाग जरा मंद असतो, चकाकत नाही. ही सगळी तशीच होती, फक्त त्या जागी अंगठ्याएवढा एक गोल आरशासारखा चमकत होता. बोट फिरवलं, तर तिथे गुळगुळीत. फिल्मला दोन्ही बाजूंनी काळा थर असतो. एका बाजूचा थर चाचांच्या अंगठ्यानं आणि घामानं वर्षानुवर्षं घासून नेला होता, एकदम नाही, हळूहळू, म्हणून कडा मऊ. अर्धा काळेपणा गेला की तिथून उजेड जास्त येतो. मागून उजेड टाकून काढलेल्या फोटोत तो डागच दिसणार. आणि आम्हाला तर तो तिथे हवाच होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे. आम्ही दोघं शिकलेली माणसं भरदिवसा ते स्वप्न बघत होतो.

सरांना परत बोलावलं. त्यांनी स्वतः टॉर्च धरला. मग नुसतंच 'अरे' म्हणाले.

रुबीनाला मी समजावून सांगितलं. तिला कळायला वेळ लागला नाही, ती हुशार आहे. ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. "मॅडम, पण फोटोत तर डाग दिसतोय ना? मग पाठवा ना तोच. तुम्ही काही खोटं केलं नाही."

तिचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. फोटोत काही खोटं नव्हतं. मी काही खाडाखोड केली नव्हती. एक बटण दाबलं असतं तर ऑपरेशन टळलं असतं, आणि खाली खरंच जुना डाग असण्याची शक्यताही होतीच. सर खिडकीकडे बघायला लागले.

चाचा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "बेटा, तो माझा अंगठा हाय. डॉक्टरला अंगठा दाखवून मी छाती कशी वाचवू?"

रुबीना रिकामी पिशवी उचलून बाहेर बाकावर जाऊन बसली.

मग मी पुन्हा स्टँड लावला. आता दोन तऱ्हेचे फोटो काढले. एक मागून उजेड टाकून, एक कडेनं टॉर्च मारून, ज्यात तो चकाकणारा गोल स्वच्छ दिसत होता. शिवाय त्या जागेचे आणखी फोटो कमी उजेडात घेतले, कारण दुसऱ्या बाजूचा थर अजून शिल्लक होता आणि त्यात जे काही असेल ते बघायचं होतं. सरांनी ते कॉम्प्युटरवर ताणून, काळं-पांढरं वाढवून पाहिलं. बरगडीची रेघ त्या गोलातून सरळ आरपार जात होती. बारीक रक्तवाहिन्यासुद्धा फिकट दिसत होत्या. गाठ नव्हती. सरांनी सगळे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की हा डाग फिल्मच्या झिजेचा आहे, आजाराचा नाही, तो धरू नये.

सर्जननी अर्ध्या तासात फोन केला. पेशंटला घेऊन या, म्हणाले. शेवटी त्यांनी विचारलं की फिल्म डिजिटाइज कुठे केली, चित्रं चांगली आहेत. सर म्हणाले, इथेच, आमच्याकडे एक स्टँड आहे.

ऑपरेशन झालं. गाठ वाईटच निघाली, पण लहान होती, कुठे पसरली नव्हती. डाव्या फुप्फुसाचा वरचा तुकडा काढला. आम्ही तो फोटो पाठवला असता तर वर्षभरानं काय झालं असतं, हे सर मला एकदाच म्हणाले आणि मग तो विषय आम्ही परत काढला नाही. मधले दिवस वाईट गेले. श्वासाचा त्रास फार झाला, आणि रुबीनानं माझा फोन घेतला नाही. तिचा राग मला पटत होता. त्या खोलीत ती एकदा आनंदानं रडली होती, आणि तो आनंद मी काढून घेतला होता.

मग एक दिवस ती स्वतःच चाचांना घेऊन तपासणीच्या एक्स-रेसाठी आली. चाचा वाळले होते. त्यांना मशिनसमोर उभं केलं, हनुवटी वर केली आणि रोज म्हणते तेच म्हटलं, श्वास घ्या, धरून ठेवा. चाचांनी धरला. फारसा नव्हता, पण धरला. फोटो स्वच्छ आला. रुबीना माझ्या मागे उभी राहून स्क्रीन बघत होती. तिनं विचारलं, "आता यात काही नाही ना? नीट बघा मॅडम. सगळीकडून बघा."

मी सगळीकडून बघितलं. मग सरांनाही दाखवलं.

आता कुणी जुनी फिल्म डिजिटल करून मागितली की मी मोबाइल शेवटी काढते. फोटो एकदा निघाला की त्याला तिरपं धरता येत नाही, त्याच्यावरून बोट फिरवता येत नाही. म्हणून आधी फिल्म खिडकीशी नेते, दोन्ही बाजूंनी उजेडात कलती करते आणि माणसाला विचारते की ही आत्तापर्यंत कुठे होती, कुणाच्या हातात होती, कशाला वापरली. लोक वैतागतात. बाई फोटो काढायच्या सोडून नसत्या चौकशा करतात, म्हणतात. करते.